पांडुरोग : चिकित्सा रुग्णाची, निदान कुटुंबाचे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे नाव आपल्या बहुतेक सभासदांना परिचित आहे. परंतु त्यातील निष्कर्ष चिकित्सालयाच्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ मध्ये या सर्वेक्षणाची पहिली फेरी पार पाडली. २०१९-२१ या काळातील पाचव्या फेरीत देशभरातील ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. या फेरीतील रक्ताल्पतेविषयीचे निष्कर्ष वैद्यवर्ग व औषधी विक्रेते या दोघांनीही लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत.

आकडे काय सांगतात?

महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्ताल्पतेचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८.० टक्के होते; पाचव्या फेरीत ते ५४.२ टक्के आढळले. ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांमध्ये तर ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. देशपातळीवर याच वयोगटातील ५७.० टक्के स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त होत्या, तर पुरुषांमध्ये हे प्रमाण २५.० टक्के होते.

या फेरीत बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तावर हिमोग्लोबिनची चाचणी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिरेतून घेतलेल्या रक्ताला प्राधान्य दिले आहे. त्यामुळे पाहणीतील आकडे आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांची थेट तुलना करू नये. तथापि स्त्री व पुरुष दोघांचीही चाचणी एकाच पद्धतीने झालेली असल्याने त्यांच्यातील तफावत दुर्लक्षिता येत नाही.

एकच चूल, भिन्न अवस्था

रजःस्राव, गर्भधारणा व स्तन्यपान ही या तफावतीची शारीरिक कारणे उघड आहेत. त्यांच्या जोडीला घरातील रीतही असते. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी, जेवणाला लागूनच चहा घेण्याची सवय, लागोपाठची बाळंतपणे, वरचे अन्न उशिरा सुरू झालेले बालक, या गोष्टी केवळ नाडीपरीक्षेतून कळत नाहीत. त्या विचाराव्या लागतात.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडुरोगाची हेतुमीमांसा करताना विरुद्ध व असात्म्य आहाराबरोबरच चिंता, भय, क्रोध व शोक यांचाही निर्देश केला आहे. मृद्भक्षणजन्य पांडूला त्यांनी पाचवा स्वतंत्र प्रकार मानले. माती वा खडू खाणारे मूल दिसले की आईचे लक्ष मुलाच्या खोडीकडे जाते. वैद्याचे लक्ष पांडू व कृमी यांकडे गेले पाहिजे. अशा मुलाच्या आईची व भावंडांचीही तपासणी करणे हे निदानाचेच अंग होय.

सर्वच पांडू लोहाने बरा होत नाही

येथे विशेष सावधगिरी हवी. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सिकलसेल वा थॅलेसेमियाच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असले, तरी त्याचे कारण लोहाची कमतरता असतेच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोहाचा अतिसंचय होऊ शकतो. म्हणून पुनर्नवा मंडूर, नवायस लोह किंवा धात्री लोह यांची योजना करण्यापूर्वी संपूर्ण रक्तगणना करून घ्यावी व शंका असल्यास हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करवावी. गर्भिणीला शासकीय केंद्रातून लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मिळत असल्यास त्या परस्पर बंद करू नयेत. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असल्यास, तसेच धाप किंवा पायांवर सूज असल्यास रुग्णालयात पाठविण्यास विलंब नसावा.

औषधी विक्रेत्यांचे कर्तव्य

रक्तवर्धक औषधाची बाटली मागण्यास ग्राहक प्रथम दुकानातच येतो. एकाच घरातून महिनोन्महिने तीच मागणी होत असेल, तर रक्त तपासले आहे काय, एवढे जरूर विचारावे व ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. लोह व मंडूर कल्प घेताना परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व वापराची मुदत पाहावी. लोहयुक्त औषधे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवण्यास सांगावे. अतिमात्रेत ती बालकाच्या जीवावर बेतू शकतात.

सभासदांना विनंती

प्रत्येक पांडुरुग्णाच्या नोंदपत्रावर चार ओळी अधिक लिहाव्यात : घरात आणखी कोणास हा त्रास आहे; जेवणाचा क्रम व आहार कसा आहे; रजःस्राव व प्रसूतींचा इतिहास काय; घरातील बालकांना जंतनाशक औषध केव्हा दिले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिनची पुन्हा नोंद करावी. अशा नोंदींमुळे आपल्या चिकित्सेचा गुण किती आला हे आपल्यालाच कळेल. औषध एकाला आणि पथ्य साऱ्या घराला, ही दृष्टी ठेवली तरच पुढील पाहणीतील आकडे उतरण्यास आपला हातभार लागेल.