गाडीच्या घशातली काजळी

बार्शीहून आईचे डोळे दाखवून आम्ही परतत होतो. येडशीजवळचा रामलिंग घाट लागला आणि गाडीनं मान टाकली. बंद पडली नाही, पण ॲक्सिलरेटर दाबावा तर नुसता घरघराट आणि मागं काळा धूर. ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन देऊन जीव खाल्ला. दुसऱ्या गिअरवर कसंबसं वर आलो. आई एवढंच म्हणाली, "दम लागलाय रे बिचारीला." निदान अचूक होतं, हे मला नंतर कळलं.

धाराशिवला (आईच्या तोंडी हेच नाव कायम होतं, सरकारी कागदावर ते २०२३ मध्ये आलं) पोचल्यावर भाच्यानं सूत्रं हाती घेतली. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून तो म्हणाला, "मामा, हवेच्या वाटेत कार्बन साठलाय. स्प्रेचा डबा आणलाय. इंजिन चालू ठेवून आत मारायचा, दहा मिनिटांचं काम."

रविवारी अंगणात बॉनेट उघडलं. सुदैवानं आमचे जुने मिस्त्री चहाला आले होते. त्यांनी पोराचा हात धरला. "आधी किल्ली काढ." मग शर्टाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली. कार्बोरेटरच्या काळात बाटलीनं पेट्रोल ओतताना इंजिननं उलटा भडका टाकला होता.

आमची गाडी तर डिझेलची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच इंधन पेटतं. हवेबरोबर जळण्याजोगं काहीही आत गेलं, की ते इंधनच होतं. मग इंजिन सुसाट सुटतं आणि किल्ली फिरवूनही थांबेलच असं नाही. द्रव जास्त गेला तर दुसरंच संकट. पाणी काय किंवा स्प्रे काय, हवेसारखा दाबला जात नाही; पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय काजळीची ढेकळं सुटून आत गेली तर व्हॉल्व्हचं नुकसान वेगळंच.

पण काजळी येते कुठून? नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडतात. त्यालाच ईजीआर म्हणतात. त्या धुरातली काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ एकत्र आली, की डांबरासारखा थर बसतो. बाजारापर्यंत आणि शाळेपर्यंत अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, तेव्हा तो जास्तच साठतो. नव्या काही पेट्रोल गाड्यांतही हा त्रास आहे. तिथं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळं पूर्वीसारखी व्हॉल्व्हची पाठ धुतली जात नाही.

मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप तपासले. काळा धूर म्हणजे कार्बनच, असं नसतं. मग गॅरेजमध्ये, इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बाहेरची धूळ पुसली, सेन्सर अलगद बाजूला केले आणि मॅनिफोल्डच उतरवला. आत पाहतो तो अंगठा जाईल अशा वाटेत जेमतेम करंगळी शिरेना!

इंजिनाच्या उघड्या तोंडांत त्यांनी फडकी कोंबली आणि ती मोजून ठेवली. "एक आत राहिलं तर सगळी कमाई गेली." मॅनिफोल्ड क्लीनरमध्ये भिजवून लाकडी पट्टीनं खरवडला, लोखंडी पात्यानं ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर हा क्लीनर उडू दिला नाही. त्याची नाजूक तार त्यानं खराब होऊ शकते. थ्रॉटलची विजेवर चालणारी झडप बोटानं ढकलायची नाही, ही तंबीही भाच्याला मिळाली. हातमोजे, चष्मा, दारं उघडी आणि बिडी फाटकाबाहेर. काळं पाणी गटारात न सोडता डब्यात भरलं. आमच्या भागात विहिरीच्या पाण्याचं मोल काय सांगावं! सगळं कोरडं झाल्यावर नवं पॅकिंग घालून मॅनिफोल्ड बसवला.

पुढच्या महिन्यात चष्मा आणायला पुन्हा बार्शीला गेलो. येताना घाट तिसऱ्या गिअरवर चढलो. आईला झोप लागली होती. भाचा मात्र मागं वळून धूर दिसतो का, ते बघत होता.