पाटकऱ्याचे फावडे आणि सहकार्याचे गणित

सोनगीरचा किल्ला मागे टाकून मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेकडे धुळ्याला उतरले, की पांझरा लागते. आणि या नदीच्या काठी, लहान लहान बंधारे बांधून, कोणत्याही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकुमाची वाट न पाहता, खानदेशातील शेतकऱ्यांनी काही शतके जी पाणीवाटप-व्यवस्था चालविली, त्या फडपद्धतीचा विचार आजच्या नियंत्रणशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य करावा, असे मला मनापासून वाटते.

बंधाऱ्याखालची जमीन सामान्यतः चार फडांत विभागलेली असते, एका फडात एकच पीक घेतले जाते, आणि बहुतेक खातेदारांचे तुकडे प्रत्येक फडात असतात. पावसाळा सरल्यावर नदीचे पाणी पाहून किती फड भिजवायचे ते ठरते. पाणी कमी असले तर एखादा फड कोरडा राहतो, पण तो सर्वांचाच राहतो. व्यवस्थेचे सारे मर्म येथे आहे. पाणी देण्याचे काम खातेदाराकडे नसते, ते पाटकऱ्याकडे असते: तो फावड्याने एक बारे, म्हणजे पाटाचे तोंड, फोडतो, वाफा भरत आला की चिखलाचा गोळा दाबून ते बुजवितो आणि पुढच्या बाऱ्याकडे वळतो. जागल्या पीक राखतो, हवालदार देखरेख करतो. साऱ्या नदीचा हिशेब यांपैकी एकाच्याही डोक्यात नसतो.

बाली बेटावरील भातशेतीचा अभ्यास करणारे स्टीफन लॅन्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी 1993 साली अशाच एका व्यवस्थेची संगणकावर प्रतिकृती केली. तेथील 172 सुबकांना, म्हणजे पाणीवाटपाच्या शेतकरी-मंडळांना, त्यांनी एवढाच नियम दिला, की शेजाऱ्यांत ज्याचे पीक सर्वांत चांगले आले असेल त्याचे लावणीचे वेळापत्रक पुढच्या खेपेस उचलावे. सर्वांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही, आणि ज्याने त्याने मन मानेल तेव्हा केली तर कीड एका शेतातून दुसऱ्यात जगत राहते. या दोन संकटांमधली वाट त्या अनुकरणातून थोड्याच वर्षांत आपोआप निघाली, आणि तेथील पाण्याच्या देवळांभोवती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मांडणीशी ती पुष्कळशी जुळली.

फडात अनुकरणाचे काम जमिनीच्या वाटणीनेच केलेले असते, एवढा भेद मी करीन. पण आता पांझरेच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी खोल गेल्या, आणि ज्याच्या बांधावर स्वतःचा पंप आहे त्याला शेजारच्या वाफ्यात पाणी पोहोचले की नाही, हे वळून पाहण्याचे कारण उरलेले नाही.