रायगडच्या पायथ्याशी दोन मुक्काम
महाड-पोलादपूरच्या सहलीचा बेत



आपल्या गटातील एका सभासदांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. गेल्या हंगामात ते मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या लहानशा देशात आठ दिवस हिंडून आले. हा देश आपल्यासारखाच ऊसवाल्यांचा. त्यांचाही गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो. तिथे टिकाल नावाचे माया लोकांचे जुने नगर दाट जंगलात उभे आहे. त्यातले एक देऊळ सुमारे 65 मीटर उंच, म्हणजे झाडांच्या शेंड्यांवर डोके काढलेले. चिरंजिवांनी पाठवलेले फोटो गट ऑफिसात सगळ्यांनी पाहिले. पण वडिलांना नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. म्हणाले, "पोरानं सहा महिने आधी कागद केला होता. पाऊस कधी थांबतो, कुठल्या दिवशी काय बघायचं, जायच्या आधी काय वाचायचं. आणि आपण? आदल्या रात्री ठरवतो अन् पहाटे गाडीत बसतो."

हे बोलणे मला लागले, कारण तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या रायगड सहलीचा म्होरक्या मीच होतो.

त्या सहलीची हकिगत या अंकात कधी छापून आली नाही, ती आता सांगून टाकतो. कारखाना बंद झाला, चैत्र चालू होता. एका दिवसात जाऊन यायचे ठरले. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी घेण्यात दीड तास गेला. गडाच्या पायथ्याला पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले. रोपवेला ही रांग. निम्मी मंडळी पायऱ्यांनी निघाली. भावकीतल्या एक काकू, वय तेव्हा बहात्तर, हट्टाने चढू लागल्या आणि अर्ध्या वाटेत त्यांना घेरी आली. दोन पोरांनी उचलून खाली आणले. मी ओला पंचा त्यांच्या डोक्यावर धरून बसून राहिलो. जे वर पोहोचले ते होळीच्या माळावर फोटो काढून परतले. जगदीश्वरापर्यंत, महाराजांच्या समाधीपर्यंत कोणी गेलेच नाही. रात्री घाटात ड्रायव्हर डोळे चोळत होता ते मी पाहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. काकू अजून भेटल्या की म्हणतात, "मास्तर, दर्शन राहिलंच की!"

तेव्हा यंदा कागद आधी केला आहे.

पहिला प्रश्न कधी जायचे हा. पुष्कळांचे म्हणणे आषाढ-श्रावणात जाऊ, ऊस आपला आपण वाढत असतो, माणूस मोकळा असतो, धबधबे असतात. या सूचनेला माझा साफ विरोध आहे. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, 30 माणसे गेली. तीही आपल्यासारखीच सहलीला निघालेली माणसे होती. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. नवा पूल 2017 मध्ये झाला. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. जुलै 2021 मध्ये तळिये गावावर आली, तिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्याखाली होते. ज्या डोंगराचे धबधबे बघायला आपण जाणार, त्याच डोंगराखाली तिथली माणसे पावसाळाभर जागी असतात. त्यांच्या दारात आपण तेव्हा कशाला गर्दी करायची?

उन्हाळ्याचे आपण पाहिलेच. हिवाळ्यात तोडी चालू, टोळी कधी येईल याचा भरवसा नाही. शेवटी पंचांग समोर ठेवून कोजागरी ते वसुबारस हा पंधरवडा धरला आहे. मोळी पडायची असते, सोयाबीन बहुतेकांचे निघालेले असते, डोंगर अजून हिरवा असतो. परतीचा पाऊस लांबलाच तर गाडी न्यायची नाही, पैसे परत. मग जानेवारीत ज्यांचा ऊस गेला असेल ते जातील.

त्यातही निघायचा दिवस वद्य षष्ठीचा ठेवला आहे, आणि याचे श्रेय आपल्या बॉयलिंग हाऊसमधल्या एका पॅनमनना आहे. ते मूळचे महाड तालुक्यातल्या तुडीलचे. आपल्याकडे नोकरीला येऊन वीस वर्षे झाली तरी बोलणे अजून खाडीपट्ट्यातले. त्यांनी सांगितले, "गाव बघायचा तर भरती बघून या." हिशेबही सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी होते. षष्ठीची पाऊणपट साडेचार. गाव समुद्रापासून आत असल्याने तिथे आणखी थोडा उशीर. म्हणजे संध्याकाळी आपण पोहोचू तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली असेल. पुनव-अवसेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे शब्दही त्यांच्याकडूनच कळले. आपण नदीच्या पाण्याच्या पाळ्या मोजणारी माणसे. दिवसातून दोनदा उलटे वाहणारे पाणी आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेले नाही.

ही सावित्री म्हणजे महाबळेश्वरला कृष्णेबरोबर उगम पावणारीच. कृष्णा आपल्याकडे आली, ही पश्चिमेला उतरली आणि बाणकोटला समुद्राला मिळाली. खाडीकाठी भातखाचरे आहेत, बांध घालून खारे पाणी अडवून केलेली. बांध फुटला की खाडी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. आपल्याकडे पाणी जास्त पाजून रान क्षारपड केले, तिकडे माणूस क्षार बाहेर ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बांध राखतो आहे. शेतकी खात्याच्या मंडळींनी हे मुद्दाम पाहावे. काठाला कांदळवन आहे, त्यात खंड्या आणि बगळे. महाडच्या बाजूला सावित्रीत मगरी आहेत, तेव्हा नदीत उतरून आंघोळीचा उत्साह कोणी दाखवू नये. गरम पाण्याची हौस असेल त्यांच्यासाठी सव येथे झरे आहेत. खाडीपट्ट्यात कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आहे, घरटी कोणीतरी मुंबईला नाहीतर आखातात. पॅनमनच्या घरी रात्रीचे जेवण भाताचे आणि खाडीच्या मासळीचे. माळकऱ्यांसाठी वेगळी चूल असेल, असे वहिनींनी कळवले आहे. पहिला मुक्काम तिथे.

मधला रस्ता थोडक्यात सांगतो. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची. पहाटे पाचला निघून उजेडात आंबेनळी घाट उतरायचा. प्रतापगड या खेपेला बाहेरूनच, तो बहुतेकांनी पाहिलेला आहे. पोलादपूरला शिवभारत रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांच्या हयातीत त्यांचे चरित्र लिहिणारा हा माणूस. आपण आजवर तिथे फक्त चहाला थांबत आलो. पुढे उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी.

दुपारी महाडात चवदार तळे. मागच्या खेपेला आपली गाडी महाडातून गेली आणि कोणी "थांबवा" म्हटले नाही. तळे सगळ्यांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्ये केलेला होता, तरी पाणी कोणी घेऊ देत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह जाऊन ते पाणी ओंजळीने घेतले. पुढे खटला झाला, तो 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात संपला. ठराव कागदावर असणे आणि माणसाच्या ओंजळीत पाणी असणे यात तेरा वर्षांचे अंतर पडले. आपल्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी इतके ठराव होतात, म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमरस्त्यालगतची गांधारपाले लेणी. सुमारे तीस बौद्ध लेणी, अठराशे वर्षांच्या आसपासची. खाडीतून वर येणारा व्यापार इथूनच घाटाकडे जाई. वरून नदी आणि गाव एका नजरेत दिसते. पायऱ्या आहेत, पण थोड्या. दुपारनंतर पाचाडला जायचे, जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी बसायचे. राज्याभिषेक 6 जून 1674 चा आणि त्या गेल्या 17 जूनला. गडावरची हवा मानवत नाही म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला होता. दुसरा मुक्काम तिथेच, म्हणजे तिसऱ्या दिवशी तांबडे फुटताना गड चढता येईल.

गडावर गाइड करायचा, आणि त्याने सांगितलेले ऐकायचे. पाण्याकडे लक्ष द्यावे. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, आणि कातळात खोदलेली टाकी. एवढ्या उंचीवर राजधानी जगली ती पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर. टिकाललाही जवळ नदी नव्हती, तेही पावसाचे पाणी तलावांत साठवूनच नांदले. बाजारपेठेतून सरळ जगदीश्वराकडे जायचे. तिथल्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. पुढे समाधी. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गड जळाला, म्हणून वाड्यांची फक्त जोती उरली आहेत. त्यांवर चढून फोटो काढू नयेत. जुलै 2025 पासून हा गड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण त्याआधीही जोत्यावर चढणे बरे नव्हतेच.

आकाशात गिधाड दिसले तर नशीब समजा. महाडची सिस्केप ही संस्था त्यांच्या रक्षणासाठी झटते आहे. गिधाडे संपत आली ती जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने; मेलेले जनावर खाऊन गिधाड मरते. 2006 पासून ते जनावरांना देण्यास बंदी आहे. आपल्या दूधवाल्या सभासदांनी गोठ्यातल्या बाटल्या एकदा वाचून बघाव्यात.

बाराच्या आत पाचाड सोडायचे, म्हणजे घाट उजेडात चढून होईल. वाटेत स्ट्रॉबेरी मिळणार नाही, तिचा हंगामच तेव्हा नसतो, हेही एक बरे.

गाडीत चाळीस जागा आहेत. साठीपुढच्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि नेहमीच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. त्यांना रोपवेने न्यायचे आहे आणि पहिल्या पाळीत न्यायचे आहे. नावे गट ऑफिसात दसऱ्यापर्यंत द्यावीत. यादीत पहिले नाव काकूंचे आहे. दुसरी जागा त्यांच्या शेजारची, ती माझी.