सायकल नवी, गुडघा जुना

सकाळी सहाच्या सुमारास कृषी विद्यापीठाच्या परिसरात किंवा वसमत रोडला फिरायला जाणाऱ्या वाचकांना एक दृश्य आता परिचयाचे झाले असेल. चहाच्या टपरीपाशी पाच-सहा गिअरच्या सायकली उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती तितकीच चाळिशी-पन्नाशीची मंडळी. कोणी वकील, कोणी प्राध्यापक, कोणी मोंढ्यातले व्यापारी. त्यातली एखादी सायकल कालच घरी आलेली असते. मग तिचे पुढचे चाक उचलून वजन अजमावले जाते, गिअर मोजले जातात, डिस्क ब्रेक दाबून पाहिला जातो, किंमत ऐकून 'बाप रे' म्हटले जाते आणि 'आणा हो साहेब, एक चक्कर मारून आणतो' म्हणत एकेक जण तिच्यावर बसून येतो. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून, दांडीखालून पाय घालून शिकलेली ही पिढी. तिच्या चेहऱ्यावरचा त्या वेळचा आनंद पाहण्यासारखा असतो.

या गप्पा मी पुष्कळदा ऐकतो. त्यांत टायरची जाडी निघते, सस्पेन्शन निघते, पुण्यात काय भाव आहे तेही निघते. एक गोष्ट मात्र सहसा निघत नाही. सीट किती उंच ठेवली आहे, हे कोणी कोणाला विचारत नाही.

आणि नेमके त्यामुळे यांच्यापैकी काही जण तीन-चार आठवड्यांनी दवाखान्यात येऊन बसतात. तक्रारी ठरलेल्या. 'डॉक्टरसाहेब, जिना चढताना गुडघ्याची वाटी दुखते.' 'करंगळीला मुंग्या येतात.' तिसरी तक्रार जरा आवाज खाली आणून सांगितली जाते, तिच्याकडे पुढे येऊ. शेवटी निष्कर्षही तेच काढून मोकळे होतात: 'आता वय झालं, सायकल काही आपल्याला सोसत नाही.' मग ती वीस-पंचवीस हजारांची सायकल अंगणात उभी राहते आणि पावसाळ्यात तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले दिसतात.

मला त्या गुडघ्याची फारशी चिंता नसते. तो बहुधा पंधरा दिवसांत बरा होतो. चिंता असते ती बंद पडलेल्या सायकलीची. कारण या मंडळींत कोणाची साखर वाढलेली असते, कोणाचा रक्तदाब. वर्षानुवर्षे 'व्यायाम करा' म्हणून सांगून जे झाले नाही, ते एका नव्या सायकलीच्या हौसेने चार आठवडे झालेले असते. ती हौस एका नटाच्या चार इंचांपायी जावी, याचे वाईट वाटते.

सायकलीचा उपयोग किती, याची एक मोठी पाहणी डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे झाली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीस हजार स्त्री-पुरुषांवर सरासरी साडेचौदा वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. कामावर सायकलीने जाणाऱ्यांच्या तुलनेत न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि तेही धूम्रपान, इतर व्यायाम वगैरे गोष्टींचा हिशेब धरून. तिथली हवा, रस्ते आणि माणसे वेगळी आहेत हे मान्य. पण मांडीचे स्नायू सगळीकडे सारखेच. शरीरातले हे सर्वांत मोठे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि पुढे काही तास इन्सुलिनही अधिक चांगले काम करते. शिवाय सायकलीवर अंगाचा बराचसा भार सीट वाहते. म्हणून गुडघ्याची झीज सुरू झालेल्या, वजन जास्त असलेल्या माणसाला पळण्यापेक्षा सायकल सोसते. सायकलीने गुडघा बिघडतो हा समज खरा नाही. चुकीच्या सीटने बिघडतो.

आता ती सीट. आपल्याकडे चाळिशीनंतर सायकल घेणारा माणूस स्कूटर-मोटारसायकलवरून आलेला असतो. तिथे बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि तीच सवय अंगात भिनलेली असते. दुकानदार विचारतो, 'पाय टेकतात ना साहेब?' टेकतात म्हटल्यावर नट आवळून मोकळा होतो. सायकलीची सीट मात्र अशी नसावी. बसल्या बसल्या दोन्ही तळवे सपाट टेकत असतील तर ती खात्रीने खाली आहे. सायकल थांबवताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो, सीटवर बसून नव्हे. ही एक सवय आठवड्यात बदलते, आणि ती बदलली की निम्म्या तक्रारी जातात.

उंची ठरवण्याची सोपी रीत अशी. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन सीटवर सरळ बसा. एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. सायकल चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर असतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. तेवढाच हवा. ज्यांना मोजून करायचे आहे त्यांच्यासाठी हॅम्ली आणि थॉमस यांनी १९६७ साली मांडलेले प्रमाण आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही वरपर्यंत दाबून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा. त्याला १.०९ ने गुणा. खाली नेलेल्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर असावे. पायाची लांबी ७८ सेंटिमीटर भरली तर सीट ८५ सेंटिमीटरवर. प्रत्येकाला हे अगदी तंतोतंत जुळेल असे नाही, त्यात थोडे खाली-वर करून पाहावे. मात्र एका वेळी बोटभर उंचीपेक्षा जास्त बदल करू नये आणि सीटच्या दांड्यावर खोदलेली शेवटची खूण कधीही बाहेर दिसू देऊ नये. ती दिसली की दांडा मोडण्याचा धोका असतो.

सीट खाली असली की काय होते? प्रत्येक फेरीला गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तरी पाऊण तासात असे सत्तावीसशे दाब. संध्याकाळी जिना चढताना वाटी बोलू लागते यात नवल नाही. उलट सीट फार उंच असेल तर दुखणे गुडघ्याच्या मागच्या बाजूला येते आणि मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसते. हे ज्याचे त्याला कळत नाही. मागून येणाऱ्या मित्राने सांगायचे असते. गटाने फिरण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच.

गटाचा तोटाही आहे. मित्राची सायकल पाहून तीच घेणे. मित्र पावणेसहा फूट, हा पाच फूट तीन इंच, आणि सायकल त्याच मापाची. चपलेच्या बाबतीत असे आपण करीत नाही. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दांडीवर उभे राहिल्यास खाली इंच-दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर सायकल कितीही चांगली असो, आपली नव्हे. दुसऱ्याची सायकल चालवून जरूर बघावी, पण सीट आपल्या उंचीला लावून मगच. नाहीतर सायकल कशी आहे ते कळत नाही, मालक किती उंच आहे तेवढेच कळते.

गिअरबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'जोर लागला तरच व्यायाम' या समजुतीने बरेच जण सर्वांत जड गिअरवर सायकल रेटत असतात. पुढे तीन आणि मागे सात मिळून एकवीस गिअर दिलेले असतात ते पाय हलका फिरावा म्हणून. एक मिनिट घड्याळ लावून उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा. सुरुवातीला साठ ते सत्तर, सवय झाल्यावर ऐंशीच्या आसपास. त्याहून बरेच कमी असेल तर गिअर हलका करा. दम लागला तर चालेल, गुडघा दुखता कामा नये.

हाताच्या मुंग्यांचे कारण तळहाताच्या करंगळीकडील बाजूला हँडलने दाबली जाणारी नस. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते ते यामुळेच. हात बदलत राहावे, कोपर किंचित वाकलेले असावे, हँडल फार लांब वा फार खाली वाटत असेल तर ते जवळ आणि वर घ्यावे.

आणि ती तिसरी, हळू आवाजातली तक्रार. जांघेत, लघवीच्या जागेजवळ बधिरपणा येणे. पुरुषांना येतो, स्त्रियांनाही येतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या सीटच्या टोकाखाली दाबल्या गेल्याचे ते लक्षण आहे. बहुतेक वेळा सीटचे टोक वर उचललेले असते. ते सपाट करावे. यावर लोक जाड, मऊ कव्हर आणून चढवतात, पण फार मऊ गादीत हाडे रुततात आणि मधला भाग उलट जास्त दाबला जातो. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर थोडे उभे राहावे. उतरल्यावरही बधिरपणा बराच वेळ टिकत असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे.

सायकलीच्या गप्पांत अमेरिकेच्या शर्यतीचा विषय हमखास निघतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. तिन्ही डॉक्टर, म्हणून आम्हा लोकांना जरा जास्तच अभिमान. पण त्यामागे वर्षांची तयारी होती. आपण मात्र दुसऱ्याच रविवारी गंगाखेडला जाऊन यायचे बेत करतो! पहिले पंधरा दिवस वीस-तीस मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. वय चाळिशीपुढचे असून मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. चालवताना छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, अकारण घाम असे काही झाले, तर 'गॅस असेल' म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच थांबावे आणि सोबत्यांनी लगेच दवाखाना गाठावा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा आठाच्या आत घरी. हिवाळ्यात पहाटे निघणाऱ्यांनी मागे लाल दिवा लावावाच, डोक्याला हेल्मेट घालावे. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच याचा भरवसा नाही.

इथवर मोठ्यांच्या सायकली झाल्या. जिल्ह्यात नव्या सायकलींचा याहून मोठा मेळा शाळांच्या अंगणात भरतो. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. तिथल्या गप्पाही तशाच, फक्त गिअरच्या जागी घंटी, पुढची जाळी आणि रंग. ज्या मुलीकडे सायकल नाही तिला मैत्रीण मागे कॅरिअरवर घेते. सायकल शाळेतून आलेली असो की खात्यावर जमा झालेल्या पैशातून घेतलेली असो, सीट दुकानात होती तिथेच राहते. आठवीतली मुलगी बारावीला जाईपर्यंत उंच होते, सीट होत नाही. गुडघे हँडलला लागेपर्यंत वाकवून, चिखलाच्या रस्त्याने, पाठीवर दप्तर घेऊन ती रोज जाते-येते आणि 'पाय दुखतात' म्हणते. आई तेल लावून देते.

दुसरी एक तक्रार यात मिसळलेली असते. थोड्या चढालाही धाप लागणे. अशा मुलीचे हिमोग्लोबिन तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे, आणि किशोरवयीन मुली त्याला अपवाद नाहीत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहू नये, जेवणानंतर घेतली जावी. पाळीच्या दिवसांत सायकल चालवू नये असे काही आया सांगतात. त्याला शास्त्रात आधार नाही. मुलीला बरे वाटत असेल तर तिने खुशाल चालवावी.

गुरुजी आणि बाईंना एक विनंती. शाळेत सीटच्या नटाचा एक पाना आणून ठेवा. महिन्यातून एका शनिवारी दप्तरे बाजूला ठेवून मुलींनी एकमेकींची सीट लावून द्यावी: एकीने सायकल धरायची, एकीने बसून टाच पायडलवर ठेवायची, तिसरीने नट आवळायचा. दर सायकलीला दोन मिनिटे लागतात. त्याच वेळी ब्रेकही दाबून बघावेत, कारण पावसाळ्यात ब्रेकचे रबर लवकर झिजते.