मानवाधिकाराचा पेपर : भाषण नको, उत्तर हवे

सीबीएसईच्या अकरावी-बारावीत ‘लीगल स्टडीज’ हा विषय घेता येतो. लेखी परीक्षा 80 गुणांची आणि प्रकल्प 20 गुणांचा असतो. बारावीच्या अभ्यासक्रमात भारतातील मानवाधिकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मुलांना तेच सर्वांत सोपे वाटते, आणि आम्हा शिक्षकांना वहीतले गुण तिथेच कापावे लागतात. कारण मुले भाषण लिहितात. जुल्म होतो, गरिबाला वाली नाही, इन्साफ मिळत नाही, असे म्हणत दोन पाने भरतात. त्यातला शब्द न् शब्द मनापासून असतो. पण त्याला गुण मिळत नाहीत.

म्हणून सराव करताना वहीत चार ओळी आखून घ्याव्यात : कोणाचा कोणता हक्क? कोणत्या तरतुदीने? तो कोणी मोडला? दाद कुठे मागायची? कोणताही प्रश्न आला तरी आधी या चार ओळी भराव्यात, मग उत्तर लिहावे.

एक नमुना घेऊ. पोलिसांनी एका तरुणाला रात्री घरातून नेले, कुठे नेले ते घरच्यांना सांगितले नाही आणि तीन दिवस मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले नाही. हक्क कोणता? व्यक्तिस्वातंत्र्याचा, राज्यघटनेच्या कलम 21 प्रमाणे. त्याला जोडून कलम 22 : अटकेचे कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणे. हक्क मोडणारे पोलीस, म्हणजे शासनाची यंत्रणा. दाद मागायची ती कलम 226 खाली उच्च न्यायालयात किंवा कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात. माणूस कुठे आहे हेच कळत नसेल, तर हेबियस कॉर्पसचा अर्ज करायचा.

इथे डी. के. बसू खटल्याचे नाव आलेच पाहिजे. पश्चिम बंगालमधील कायदेविषयक मदत संस्थेच्या या पदाधिकाऱ्यांनी 1986 मध्ये कोठडीतील मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि डिसेंबर 1996 मध्ये अटकेसाठी 11 नियम घालून दिले. अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही घेणे आणि नातेवाइकाला कळवणे हे त्यातलेच. हुसैनारा खातून खटला 1979 चा. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या वाचून ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी न्यायालयात गेल्या. लवकर खटला चालवला जाणे हा कलम 21 चाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणखी एक सूचना : 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुन्या गाइडमधले कलमांचे आकडे तसेच उतरवू नयेत.

मानवाधिकार आयोगाबद्दलही मुले अर्धवट लिहितात. 1993 च्या कायद्याने आयोग स्थापन झाला, इथेच त्यांचे उत्तर थांबते. आयोग चौकशी करतो आणि शिफारस करतो. न्यायालयासारखी शिक्षा देत नाही. घटनेला एक वर्ष उलटल्यावर तो तक्रार घेत नाही. तक्रारीला फी नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार लिहिता येते. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत.

आता अवघड प्रश्न. वर्गात हिजाब आणि धर्मस्वातंत्र्य यावर प्रश्न आला की आपल्या मुलींचा हात थरथरतो. उत्तर मात्र कायद्याने जसे आहे तसेच लिहावे लागते. कलम 25 धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 15 मार्च 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजांतील बंदी कायम ठेवली. 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले. याच उत्तरात 1986 चा बिजो इमॅन्युएल खटलाही द्यावा. केरळमधील एका छोट्या ख्रिस्ती पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढले. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. दोन्ही बाजू मांडून झाल्यावर शेवटी आपले मत दोन वाक्यांत द्यावे. न आवडलेला निकाल गाळू नये. सूरह निसामध्ये साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरुद्ध जात असली तरी इन्साफवर ठाम राहण्याची ताकीद आहे. ती परीक्षेच्या वहीलाही लागू आहे.

सरावासाठी फक्त आपल्याच दुखण्याचे प्रश्न निवडू नयेत. वेठबिगार, गटारात उतरवले जाणारे सफाई कामगार, अपंग विद्यार्थी यांच्यावरचे प्रश्नही सोडवावेत. नबुवतच्या आधी मक्केत ‘हिल्फुल फुजूल’चा करार झाला, तो बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचे पैसे बुडवले गेले म्हणून. तिथे त्याचा कोणी पाठीराखा नव्हता. हजरत मुहम्मद (स.) त्या करारात सामील होते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. तीन तासांत 80 गुण, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे. सहा गुणांचे उत्तर तेरा मिनिटांत संपले पाहिजे. घड्याळ लावून आठवड्याला चार उत्तरे लिहावीत. अम्मी-अब्बांना कायदा येत नसला तरी वही हातात घेऊन वरचे चार प्रश्न नक्की विचारता येतात.

काही पालक म्हणतात, “असले काही लिहू नकोस बेटा, उगाच नजरेत येशील.” त्यांची भीती आम्हाला समजते. पण राज्यघटनेचे कलम लिहिणे हा गुन्हा नाही, तो अभ्यासक्रम आहे. आणि ज्या मुलीला तेरा मिनिटांत कोणाचा हक्क, कोणी मोडला, दाद कुठे हे मांडता येते, तिला उद्या मोहल्ल्यातल्या कोणासाठीही अर्ज लिहिता येईल. आपल्या वस्त्यांना अशा लिहिणाऱ्या हातांची फार गरज आहे.