विरळ हवेतील सायकलशर्यत आणि ‘दम’ या शब्दाचे अर्थ

उंच पर्वतावर दम का लागतो, या प्रश्नास ‘तेथील हवेत प्राणवायू कमी असतो’ असे उत्तर सर्रास दिले जाते. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही; परंतु त्याची शब्दयोजना दिशाभूल करणारी आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठी शेकडा सुमारे २१ असते व पर्वतशिखरावरही तेवढेच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारी एकूण हवाच कमी भरते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. उंचावरील दीर्घ पल्ल्याच्या सायकलशर्यतीत स्वाराचा सारा दिवस त्यावर अवलंबून असतो. अमेरिकेतील लेडव्हिल येथील शर्यतीच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा येथे विचार आहे.

लेडव्हिल हे कोलोरॅडो राज्यातील, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील खाणगाव होय. जवळची क्लायमॅक्स ही मॉलिब्डेनमची खाण १९८२ च्या सुमारास बंद पडली आणि गावावर बेकारीची अवकळा आली. (ही खाण पुढे २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली.) गावात परके लोक यावेत, मुक्काम करावेत व त्यायोगे चार पैसे गावास मिळावेत, या हेतूने केन क्लाउबर या खाणकामगाराने १९८३ मध्ये शंभर मैलांची धावण्याची शर्यत सुरू केली. १९९४ पासून तेवढ्याच अंतराची डोंगरी सायकलींची शर्यतही होऊ लागली. ती ऑगस्ट महिन्यात भरते. बारा तासांच्या आत परतणाऱ्यास पट्ट्याचे बक्कल मिळते. नऊ तासांच्या आत येणाऱ्यास अधिक मोठे.

सुमारे १६० किलोमीटरांचा हा मार्ग गेल्या वाटेने परत येणारा आहे. दिवसभरात तीन हजार मीटरांहून अधिक चढ चढावा लागतो. मध्यावर कोलंबाइन खाणीचा चढ असून त्याचा माथा सुमारे ३,८०० मीटरांवर आहे. समुद्रसपाटीस हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांइतका असतो. लेडव्हिल गावात तो सुमारे ५२५ व या माथ्यावर ४८० च्या आसपास उतरतो.

येथे एक शंका उपस्थित होईल. हवा विरळ असेल तर तिचा विरोधही कमी होणार. मग सायकलस्वाराचा त्यात लाभच नव्हे काय? सपाट धावपट्टीवर तसा लाभ होतो. एडी मर्क्स या बेल्जियन स्वाराने तासाभरात अधिकाधिक अंतर कापण्याचा विक्रम करण्यासाठी १९७२ मध्ये २,२०० मीटरांहून उंच असलेले मेक्सिको शहर निवडले व ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणून एवढ्या वेगात विरळ हवा जितके हिरावून घेते त्याहून अधिक देऊन जाते.

डोंगरी चढावर हा हिशेब उलटतो. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि कोलंबाइनचा सुमारे ९५० मीटरांचा चढ दीड तासात चढावयाचा असे मानले, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अखंडपणे जवळजवळ १४० वॅट शक्ती लावावी लागते. या मंद गतीत हवेचा विरोध मात्र अवघे दोन-तीन वॅट खातो. त्यातील काही अंश वाचला तरी त्याचे मोल ते काय? उलट शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, सखल प्रदेशातून आलेल्या माणसाच्या बाबतीत, या उंचीवर पाचव्या-सहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. देणे नाममात्र आणि घेणे जबर, असा हा व्यवहार आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे झालेली चूक भरून काढणे फार कठीण असते. सखल भागात स्वाराने एखाद्या चढावर आवेशाने जोर केला, तर थोडे हळू चालवून तो सावरतो. विरळ हवेत स्नायूंना सावरण्यासाठी लागणारा प्राणवायूही सावकाश मिळतो. त्यातच कोरड्या हवेतील जलद श्वासोच्छ्वासाने अंगातील पाणी घटते व अन्नावरील वासना मंदावते. पहाटेच्या थंडीत, भोवतालच्या गर्दीच्या भरात केलेल्या उधळपट्टीची वसुली परतीच्या वाटेवर होते. सुमारे १३० किलोमीटर झाल्यावर विजेच्या तारांखालून जाणारा ‘पॉवरलाइन’ हा उभा चढ लागतो. तेथे अनेक जण सायकलीवरून उतरून ती ढकलीत नेताना दिसतात.

शरीर उंचीशी जुळवून घेते, पण आपल्या गतीने. पहिल्या काही दिवसांत श्वसन वाढते व मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कांचा समतोल नव्याने साधतात. तांबड्या पेशींची लक्षणीय वाढ होण्यास मात्र आठवडे लागतात. २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे ही शर्यत जिंकणारा डेव्ह वीन्स हा कोलोरॅडोतीलच गनिसन या उंचावरील गावचा रहिवासी. केवळ एवढ्यावरून त्याच्या यशाची मीमांसा करणे घाईचे होईल. तथापि ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगीही नाही.

आता ‘दम’ या शब्दाकडे वळू. श्वास या अर्थाचा ‘दम’ मराठीत फारसीतून आला असून, फुंकणे या अर्थाच्या संस्कृत ‘ध्मा’ धातूशी त्याचे दूरचे नाते आहे. ‘शम-दम’ या जोडीतील, निग्रह या अर्थाचा संस्कृत ‘दम’ निराळा. उच्चार एक, मुळे दोन. त्यांची गल्लत करणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु मराठीने श्वासवाचक शब्दालाच आपल्या प्रयोगांतून निग्रहाच्या अर्थापर्यंत आणून पोचविले आहे. ‘दम लागणे’ ही शरीराची अवस्था, ‘दम खाणे’ हा तिच्यावरील उपाय आणि ‘दम धरणे’ हा मनाचा संयम. ज्यास दीर्घकाळ टिकणारी श्वासाची शक्ती म्हणावयाचे, त्यास ‘दमसास’ हा सुरेख शब्द आपल्यापाशी आहे.

विरळ हवेतील शर्यतीत हे अर्थ एकमेकांपासून सुटे राहत नाहीत. तेथे दम लागणे कोणासच टाळता येत नाही. ज्याने पहिल्या चढावर दम धरला, त्याचाच दमसास शेवटच्या चढापर्यंत पुरतो.