अठरा फेब्रुवारीचे जहाज

जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींतही पंक्तिप्रपंच असतो. पहिला पाट बिस्मार्क, यामातो, मिसुरी अशा बलाढ्य युद्धनौकांना. मग विमानवाहू नौका. पाणबुड्यांचाही एक एकनिष्ठ भक्तवर्ग आहे. पंक्तीच्या अगदी टोकाला, जवळजवळ दारात, ज्या जहाजाचे पान मांडले जाते ते म्हणजे ‘अटॅक ट्रान्सपोर्ट’. नाव दणदणीत, रूप मात्र मालवाहू बोटीचे. पोटात हजार-दीड हजार सैनिक, अंगाखांद्यावर दीडएक डझन होड्या आणि काम एकच : शत्रूच्या किनाऱ्यासमोर थांबून ती माणसे त्या होड्यांतून रवाना करायची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हेच जहाज घेऊन बसलो आहे.

नातवाने पहिल्याच दिवशी आक्षेप नोंदवला. “आजोबा, ही युद्धनौका कसली? मोठी तोफ एकच, तीही मागे!”

“अरे, तोफा मारायला दुसरी जहाजं असतात. हे माणसं उतरवणारं जहाज.”

“म्हणजे एस. टी.?”

म्हटले, तसेच समज. व्याख्या फारशी चुकलेली नव्हती.

माझे जहाज अमेरिकन नौदलाच्या ‘हॅस्केल’ वर्गातले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या पर्वात अशी ११७ जहाजे बांधली गेली. मालवाहतुकीच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचा सांगाडा घ्यायचा, त्यात सैनिकांसाठी एकावर एक बिछाने ठोकायचे, वर होड्या लादायच्या. लांबी ४५५ फूट, रुंदी ६२ फूट, पंखा एकच, वेग सतरा नॉटच्या आसपास. रेव्हेल या अमेरिकन कंपनीने १९५०च्या दशकात या जहाजाचा प्लॅस्टिकचा संच बाजारात आणला. पेटीवर नाव ‘माँट्रोझ’, प्रमाण १:३७६. हा ३७६चा आकडा कुठून आला, असे कोणी विचारील. तो पेटीतून आला! त्या काळात आधी पेटीचे माप ठरे आणि जहाजाने त्यात मावायचे असे. या हिशेबाने ४५५ फुटांचे जहाज ३७ सेंटिमीटरचे होते. आमच्या टीपॉयवर आरामात बसते. घरच्या मंडळींचे मत मात्र वेगळे आहे.

आता ‘अचूक प्रतिकृती’ म्हणजे काय, हा खरा प्रश्न. याचे उत्तर मला बँकेतल्या नोकरीने दिले. ताळेबंद कधी ‘बँकेचा’ नसतो, तो ३१ मार्चचा असतो. एक एप्रिलला सकाळी पहिली स्लिप पास झाली की तो जुना झाला. जहाजाचेही तसेच. ‘माँट्रोझची प्रतिकृती’ म्हणण्याला अर्थ नाही. कोणत्या दिवसाची माँट्रोझ? युद्धकाळात काही जहाजांवर काळ्या-राखाडी रंगांचे वेडेवाकडे पट्टे असत. जहाज लपावे म्हणून नव्हे, ते कोणत्या दिशेला चालले आहे हे शत्रूला उमगू नये म्हणून. पुढे ते पट्टे जाऊन साधा राखाडी रंग आला. युद्धानंतर नाकाडावरचे आकडे मोठे झाले. तोफा कुठे वाढल्या, कुठे कमी झाल्या. कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडच्या नौदल गोदीत दुरुस्तीनंतर जहाजाचे फोटो काढत आणि जिथे बदल झाला तिथे फोटोवर पांढरे वर्तुळ काढत. ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या इन्स्पेक्शनच्या माणसांची लाल पेन्सिल आठवली. प्रतिकृती करणाऱ्यांसाठी ही वर्तुळे सोन्याच्या मोलाची आहेत.

मग सुरू होतो मिलिमीटरचा संसार. शिवणकामाचा दोरा साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. ३७६ पट केला की साडेसात सेंटिमीटर जाडीचा दोरखंड होतो! म्हणून दोर म्हणून दोरा चालत नाही. ताणून केसाएवढी बारीक केलेली प्लॅस्टिकची तार लागते. या प्रमाणात माणूस साडेचार-पावणेपाच मिलिमीटरचा, म्हणजे आंबेमोहोराच्या दाण्याएवढा. जहाजाच्या बाजूला सोडायच्या जाळ्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा सुचला होता, पण तिचे दीड मिलिमीटरचे भोक इथे जवळजवळ दोन फुटांचे ठरते. एवढ्या अंतरावर कोणाचा पाय पोचणार?

आणि या जाळीवर तर सगळे अवलंबून होते. होडी आधी पाण्यात सोडत. मग पाठीवर ओझे घेतलेले सैनिक जाळीवरून खाली उतरत. खाली होडी लाटेवर वरखाली होते आहे, वर दुसरा सैनिक उतरतो आहे. शिकवण अशी की हात उभ्या दोरांना धरायचे, आडव्यांना नाही. आडव्यावर वरच्याचा बूट पडतो. त्या होड्याही काही पोलादी चिलखत घातलेल्या नव्हत्या. न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्सच्या आराखड्याची ३६ फुटी प्लायवूडची होडी, पुढे पोलादी फळी, आत ३६ माणसे. माझ्या टेबलावर ती २९ मिलिमीटरची आहे. यांतल्या काही होड्या लोखंडी हातांना टांगलेल्या, काही हॅचवर ठेवलेल्या मोठ्या होड्यांच्या पोटात बसवलेल्या. एका जहाजाच्या या होड्या करायला मला जहाजापेक्षा जास्त महिने लागले आहेत.

प्रतिकृतीची अचूकता म्हणजे निवृत्तांचा चाळा, असे म्हणणाऱ्यांना मी एक छायाचित्र दाखवतो. जून १९४४. सॅम्युएल चेस नावाचे अटॅक ट्रान्सपोर्ट इंग्लंडच्या वेमथ बंदरात उभे आहे आणि त्याच्या आत सैनिक एका मोठ्या प्रतिकृतीभोवती जमले आहेत. प्रतिकृती आहे नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याची. फोटो रॉबर्ट कापाचा. ज्याला उद्या-परवा तिथे उतरायचे आहे तो ती टेकडी, ती वाट डोळ्यांत साठवून घेतो आहे. सहा जूनला प्रवाहाने अनेक होड्या पूर्वेकडे ओढून नेल्या आणि माणसे भलत्याच ठिकाणी उतरली. पाठ केलेली वाट समोर नव्हती. प्रतिकृती चुकीची होती असे नाही. तिच्यात समुद्र वाहत नव्हता. होडीची फळी पडली आहे आणि सैनिक कमरेएवढ्या पाण्यातून किनाऱ्याकडे चालले आहेत, हा जगभर गाजलेला रॉबर्ट सार्जंटचा फोटो याच चेसच्या एका होडीतून त्याच सकाळी घेतलेला.

जाता जाता सांगतो, हॅस्केल वर्गाचे एकही जहाज नॉर्मंडीला नव्हते. पहिलेच नौदलात दाखल झाले ते नॉर्मंडीनंतर. ओमाहासमोर हॅस्केल उभे करणाऱ्या हौशी कलाकाराला हात जोडून नमस्कार करावा आणि पुढे जावे. सिनेमावाल्यांना तेवढी सूट असते. केनेथ डॉडसन हा पिअर्स नावाच्या अटॅक ट्रान्सपोर्टवरचा अधिकारी. त्याच्या ‘अवे ऑल बोट्स’ या कादंबरीवर १९५६मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यातल्या काल्पनिक जहाजाची भूमिका केली हॅस्केल वर्गातल्या रँडलने. कादंबरीकाराचे जहाज एका जातीचे, पडद्यावरचे दुसऱ्या. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे तक्रार करायचा मला अधिकार नाही.

आज हे जहाज बघायचे म्हटले तर कुठेच नाही. मूळ रूपात टिकलेले शेवटचे हॅस्केल म्हणजे गेज. तेही २००९मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल इथे मोडीत निघाले. व्हिक्टरी जातीची तीन मालवाहू जहाजे अमेरिकेत संग्रहालये म्हणून उभी आहेत. तिथे सांगाडा कळतो, होड्यांची मांडणी कळत नाही. आपल्या नौदलाची २००७पासूनची ‘जलाश्व’ ही याच कामाची पुढची पिढी. मे २०२०मध्ये मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीला आणणारी हीच. पण तिच्या पोटातच पाणी घेता येते आणि होड्या मागच्या दारातून तरंगत बाहेर पडतात. टांगणे, सोडणे, जाळ्या, सगळे संपले.

तेव्हा तारीख ठरवणे आले. पेटीवर माँट्रोझ असले तरी मी करतो आहे तिची बहीण मिझूला, क्रमांक २११. इवो जिमाच्या सुरिबाची डोंगरावर २३ फेब्रुवारी १९४५ला जो पहिला झेंडा चढला तो या जहाजावरचा. (ज्याचा फोटो सर्वांना माहीत आहे तो दुसरा, मोठा.) मोह १९ फेब्रुवारीचा होता, उतरण्याच्या दिवसाचा. पण त्या सकाळचे जहाज अचूक करायचे तर लोखंडी हात रिकामे हवेत. ‘अवे ऑल बोट्स’ हा हुकूमच तो, सगळ्या होड्या सोडा. होड्या दूर पाण्यावर, माणसे त्यांत. उरते ते बाजूंना जाळ्या लोंबणारे मालवाहू जहाज.

म्हणून मी १८ फेब्रुवारी धरली आहे. जहाज सायपानहून निघालेले, समुद्रात. होड्या सगळ्या जागच्या जागी, जाळ्या गुंडाळून कठड्याशी बांधलेल्या. डेकवर तांदळाचे दाणे किती ठेवायचे ते अजून ठरत नाही. दीड हजार तर मावणार नाहीत. बरेचसे खाली बिछान्यांवर असतील. नातू म्हणतो, निदान शंभर तरी ठेवा. बावीस रंगवून झाले आहेत.